नट येईपर्यंत वाजवत राहायचं

सिनेमा, मालिका आणि व्हिडिओ गेम यांचं संगीत करणं हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो का, यावर संपादकांनी मागच्या अंकात वाचकांचे प्रश्न मागवले आणि आलेला गठ्ठा माझ्या नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या घरी पाठवून दिला. अर्ध्याअधिक पत्रांत एकच प्रश्न आहे: मुंबईला जावं लागेल का? ओळखी करायला जावं लागेल, राहायला नाही. विदर्भ एक्स्प्रेस रात्रीतून नेऊन सोडते आणि फायली तर त्याहून लवकर पोचतात. बाकीच्यांतले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

मी तबल्यात विशारद आहे. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. सिनेमाचं पार्श्वसंगीत करायचं तर आधी पियानो, मग हार्मनी, मग ऑर्केस्ट्रेशन असं सगळं शिकावं लागेल, असं एका क्लासवाल्यांनी सांगितलं. वय २७ आहे. उशीर झाला का? – र. वा., वर्धा

त्या क्लासची फी किती, ते आधी विचारून घ्या. मग उशिराचं बघू.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तबलजीच्या हातात आधीपासूनच असते: किती वेळात कुठे पोचायचं. कागद-पेन्सिल घेऊन बसा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी पळतो. समजा, एक बाई गल्लीतून चालत येते आणि दार ढकलते. सीन सुरू झाल्यापासून १३ सेकंद ८ फ्रेमवर दार उघडतं, म्हणजे एकूण ३२० फ्रेम. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर एक मात्रा २० फ्रेमची होते आणि तीनतालाच्या १६ मात्रा बरोबर ३२० फ्रेममध्ये बसतात. पुढची सम, म्हणजे तालाच्या नव्या फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, थेट दारावर. मालिकेला सेकंदाला २५ फ्रेम असतात. तिथे २० फ्रेमचीच मात्रा हवी असेल तर लय ७५ ठेवावी लागते. एवढंच गणित आहे, आणि ते तुम्ही रोज बोटांवर करता.

खरी गंमत पुढे आहे. तुमचं सगळं जमतं आणि दोन दिवसांनी एडिटरचा फोन येतो, 'सीनमधून एक सेकंद काढलाय हं.' झाले २९६ फ्रेम. आता १६ मात्रा तेवढ्यात बसवायच्या तर लय ७८च्या आसपास न्यावी लागते. ही वाढ ऐकणाऱ्याला वेगळी जाणवत नाही, पण बाईच्या पावलांना ती खटकते का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. खटकत असेल तर लय ७२च ठेवा आणि एक मात्रा गाळा. पंधरा मात्रांचे ३०० फ्रेम होतात, म्हणजे सूर दारानंतर चार फ्रेमनं येईल. माझं मत विचाराल तर तो असाच यावा. दार आधी दिसतं, मग मनात काहीतरी हलतं. संगीतानं त्या हलण्यावर यावं, बिजागरीवर नाही. घटनेच्या आधी वाजलेला सूर मात्र चुगली करतो.

आणि प्रत्येक दारावर सम पाडू नका. नवखे लोक तेच करतात, मग सिनेमाचं कार्टून होतं.

नोटेशन लागतं, पण कधी? खरे व्हायोलिनवाले खुर्चीवर बसवाल तेव्हा. अजय-अतुल यांनी 'सैराट' (२०१६)साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. तशा ठिकाणी वादकापुढे लिहिलेला कागद नसेल तर घड्याळ चालत राहतं आणि पैसे जात राहतात. दुसऱ्या टोकाला 'पथेर पांचाली' (१९५५) आहे. रविशंकर यांनी मोजके वादक घेऊन ते संगीत जवळजवळ एका बैठकीत उभं केलं. तुमची सुरुवात या दुसऱ्या टोकाजवळून होणार आहे. कीबोर्डवर दोन हात बसवा, हार्मनी कामासोबत शिका आणि आजपासून संगीत ध्वनिमुद्रित करायचं एक सॉफ्टवेअर धरा. रीपर स्वस्तात मिळतं आणि भरपूर पुरतं. मूक सीन घेऊन त्यावर काम करत राहा. कागद लिहून देणारा अरेंजर पैसे देऊन मिळतो. लयीची समज तशी मिळत नाही.

ताई, मी झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर धान निघालं का नाटकं सुरू होतेत, मंग रातभर जागरण. भाचा मोबाइलवर गेम खेळते, त्याच्यातलं म्युझिक मले ऑर्गनवाल्यावानीच वाटते. मारामारी लागली का वाढते, सरली का खाली बसते. ते कोन वाजवते? आपल्यासारख्याले तिथं काम भेटन का? – एक ऑर्गनवाला, वडसा

भाऊ, एवढ्या गठ्ठ्यात सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा आहे. म्हणून याला जागाही जास्त देते.

ज्यांनी झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वादक रंगमंचासमोर बसतात आणि नाटक चालेल तसं जिवंत वाजवतात. खलनायकाची एन्ट्री आहे, पण तो अजून विंगेत मिशी चिकटवतोय. ऑर्गनवाला तीच ओळ घोळवत राहतो. खलनायक आला की चालू आवर्तन पुरं करून पलटी मारतो. पब्लिकनं टाळ्या उचलून धरल्या तर थांबतो. नट वाक्य विसरला तर खालून सूर भरून त्याला वेळ काढून देतो. मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात पार्श्वसंगीत वाजवायची तेव्हा सगळं पाठ केलेलं असायचं. वडशाच्या वादकांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कळलं, हे लोक पाठ करतच नाहीत, ते बघून वाजवतात.

गेममध्ये नेमकं हेच हवं असतं, फक्त वाजवणारा तिथे नसतो. सिनेमातलं दार १३ सेकंद ८ फ्रेमवरच उघडतं, आज बघा की दहा वर्षांनी. गेममधलं दार एक पोरगा चार सेकंदांत उघडतो आणि दुसरा दारापुढे उभा राहून आईनं हाक मारली म्हणून जेवायला निघून जातो. संगीताला त्या पोराची वाट बघत जिवंत राहायचं असतं. म्हणून गेमचा संगीतकार सलग रचना देत नाही. तो तुकडे देतो, आणि कोणता तुकडा कधी वाजवायचा याचे नियमही देतो.

याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली थरांची. मी एका लहानशा गेमसाठी तळाला धरून ठेवलेला एक सूर, त्यावर खंजिरी, त्यावर डफ आणि सगळ्यात वर बासरी असे चार थर केले. खंजिरी आपली, तुकडोजी महाराजांच्या भजनातली. चारही थर एकाच लयीत, एकाच स्वरात आणि सारख्याच लांबीचे. ते चारही एकाच वेळी चालू असतात. कोणाचा आवाज उघडायचा हे गेम ठरवतो. खेळणारा जंगलात नुसता हिंडतोय तेव्हा फक्त तळ ऐकू येतो, वाघाची चाहूल लागली की खंजिरी उघडते, वाघ समोर आला की डफ. काम अवघड कुठे होतं? प्रत्येक थर एकटा ऐकला तरी बरा वाटला पाहिजे आणि चारही मिळून गोंधळ होता कामा नये.

दुसरी पद्धत तुमच्या पलटीची. शांत भाग वेगळा, लढाईचा वेगळा, आणि आवर्तन संपल्याशिवाय एकातून दुसऱ्यात उडी मारायची नाही हा नियम. मधल्या उडीसाठी एक छोटा तुकडा वेगळा करून ठेवायचा, तीनदा वाजवून समेवर आणणारी तिहाईच म्हणा ना. हे नियम बसवायला एफमॉड आणि वाइज अशी सॉफ्टवेअरं आहेत; शिकण्यापुरती ती फुकट मिळतात. कल्पना मात्र जुनी आहे. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार उतरते सूर होते आणि समोरचे शत्रू कमी होऊन जोरात धावू लागले की तेच सूर वेग घ्यायचे. १९९१मध्ये लुकासआर्ट्स या अमेरिकी गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांची आयम्यूज नावाची यंत्रणा 'मंकी आयलंड २'मध्ये आली. खेळणारा एका जागेवरून दुसरीकडे गेला की चाल न तुटता वळण घेऊन दुसऱ्या चालीत शिरायची. ते पहिल्यांदा बघताना मला वडशाचीच आठवण झाली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला मोडावी लागेल. नाटकात दणदणीत मुखडा चालतो, कारण तो रात्रीतून दोन-चारदा येतो. गेममध्ये तोच मुखडा पोरगं सलग पाऊण तास ऐकतं, हरतं, पुन्हा ऐकतं. लक्षात राहणारी ओळ तिथे डोकं उठवते. ती क्वचित यावी, बाकी वेळ संगीतानं पसरून राहावं. आणि तुकडा संपून पुन्हा सुरू होतो त्या सांध्यावर शेवटच्या सुराची गुंज पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रांवर सांडू द्यायची. ती कापली गेली की खटका ऐकू येतो, आणि एकदा ऐकू आला की पोराला दुसरं काही ऐकूच येत नाही.

काम भेटन का? ऑर्गन वाजवणारा म्हणून थेट नाही, हे स्पष्ट सांगते. कॉम्प्युटरवर बसावं लागेल. नाटकं बंद असतात त्या महिन्यांत, रोवणी आटोपली की भाच्याला सोबत घ्या. नियम तो बसवेल, तुकडे तुम्ही वाजवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं आपल्या पुराणकथांवर 'राजी' नावाचा गेम २०२०मध्ये आणला, त्याचं संगीत लिनोस त्सेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. ग्रीसच्या माणसाला पुण्याचं काम मिळतं तर वडशाच्या माणसाला ग्रीसचं काऊन नाही?

घरी रेकॉर्डिंग करायला कोणता लॅपटॉप घेऊ? – नि. ठा., नंदनवन

१६ जीबी रॅम, एसएसडी डिस्क आणि तारेचे हेडफोन. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. व्हिडिओसाठी फाइल नेहमी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची. लॅपटॉपपेक्षा मोठा प्रश्न कूलरचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे कूलर लावून रेकॉर्डिंग होत नाही आणि बंद करून गायक टिकत नाही. पहाटे पाचला बोलवा. वस्तीत लग्नाचं संदल वाजत असेल तर त्या दिवशी मिक्सिंग करा.

माझा मुलगा बारावी झाला. गेमचं संगीत करायचं म्हणतो. गेमला संगीतकार लागतो हेच मला माहीत नव्हतं. यात पैसा कसा मिळतो, रॉयल्टी असते म्हणतात ते खरं का? – एक वडील, भंडारा

दादा, मुलाला नाही म्हणू नका आणि सगळी जमापुंजीही कोर्सवर लावू नका. पदवी चालू ठेवून तो हे शिकू शकतो.

पैसा तिन्हीकडे वेगळ्या वाटेनं येतो. लहान सिनेमाला बहुधा पॅकेज असतं: एक रक्कम संगीतकाराच्या हातात ठेवतात आणि स्टुडिओ, वादक, गायक, मिक्सिंग सगळं त्यातूनच भागवायचं. आकडा ऐकून घरच्यांना वाटतं पोरगं सुटलं. सगळ्यांचे देऊन झाल्यावर हातात काय उरतं ते सही करण्याआधी मांडून बघावं. मालिकेत शीर्षकगीत एकाचं आणि रोजचं पार्श्वसंगीत दुसऱ्याचं, असंही असतं. रोजच्या भागाला रोज नवं संगीत करायला वेळ कुठला? म्हणून सुरुवातीलाच एक साठा करून देतात: सासूचं रागावणं, सुनेचं रडणं, घरात चोर, देवघर. एडिटर त्यातून उचलून लावतो. याचे पैसे भागामागे ठरतात आणि उशिरा येतात. एका मालिकेचे माझे पैसे मालिका बंद पडल्यावरही कित्येक महिने आले नव्हते. तेव्हापासून अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय मी पहिली फाइल पाठवत नाही. गेमला तयार संगीताच्या मिनिटामागे दर ठरवण्याची रीत आहे, आणि बहुतेकदा सगळे हक्क कंपनी एकरकमी विकत घेते. म्हणून तिथे दर नीट मागावा.

रॉयल्टीचं खरं आहे, अर्धवट ऐकलेलं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. सिनेमासाठी चाल दिली तरी थिएटरात सिनेमासोबत वाजण्यापलीकडे ती जिथे वापरली जाईल, म्हणजे रेडिओ, टीव्ही, ऑनलाइन, त्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा, हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीनं, वाटा राहतो. हा हक्क सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. म्हणजे निर्मात्यानं करारात 'रॉयल्टीवर पाणी सोडतो' असं लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. आपल्याकडे ही वसुली आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) करते, ही संस्था १९६९ची आहे. पहिलं काम बाहेर आलं की मुलानं तिथे सदस्य व्हावं आणि प्रत्येक रचना नोंदवावी. न नोंदवलेल्या रचनेचे पैसे कोणाच्या नावावर टाकायचे हे त्यांना कळणार कसं? हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो, तेव्हा हे कागद फायलीत घालून तुमच्याजवळ ठेवा. पोरं कागद हरवतात.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. बदल किती वेळा फुकट करून द्यायचे, तो आकडा लिहिलेला असावा; नाहीतर 'थोडं अजून इमोशनल करा' याला अंत नसतो. आणि नाव कुठे, कसं येणार तेही.

मी एका शॉर्ट फिल्मचं संगीत करतोय. दिग्दर्शकानं एडिटिंग करताना एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमाचं संगीत लावून ठेवलंय. म्हणतो, 'सेम असंच पाहिजे, पण वेगळं.' काय करू? – अ. दे., अमरावती

हे दुखणं मोठमोठ्यांना चुकलेलं नाही. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८)साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत केलं होतं, पण दिग्दर्शक कुब्रिक यांनी तात्पुरत्या लावलेल्या पाश्चात्त्य अभिजात रचनाच कायम ठेवल्या. नॉर्थ यांना ते कळलं सिनेमा बघताना!

दिग्दर्शक ती चाल शेकडो वेळा ऐकून बसलाय. तुमची पहिल्यांदा ऐकणार आहे. तेव्हा नुसती चाल पाठवून हरू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. आधी सीन पूर्ण मुका करून दोघं मिळून बघा. मग विचारा: त्या संगीतातलं तुला नेमकं काय हवंय? वेग? तो जाडजूड खालचा आवाज? की मध्ये दोन सेकंद सगळं थांबतं ते? बहुतेक वेळा उत्तर शेवटचं निघतं. ते थांबणं घ्या, बाकी सगळं तुमचं करा. संगीत कुठे सुरू व्हावं यावर दिग्दर्शक तासभर बोलतात, कुठे संपावं यावर कोणी बोलत नाही. तो विषय तुम्ही काढा.

हुबेहूब उतरवू नका. करारात बहुधा असं कलम असतं की चोरीचा दावा आला तर भरपाई संगीतकार देईल. 'सेम असंच' म्हणणारा त्या दिवशी फोन उचलणार नाही. पुढच्या वेळी कामाच्या पहिल्याच बैठकीत संगीत न लावलेली प्रत मागा.

मी दहावीत आहे. मोबाइलवर एक म्युझिक बनवलंय, हरवलेल्या बकरीच्या गेमसाठी. गेम अजून नाही. ऐकून सांगा ना. – स्व., गोंदिया

ऐकलं, दोनदा. सुरुवातीची घंटा छान आहे, ती खरी बकरीच्या गळ्यातली आहे ना? मग तिच्यावर चढवलेला तो गुहेतला घुमारा काढून टाक, बकरी मोकळ्या माळावर आहे. बाराव्या सेकंदाला तू व्हायोलिन, बासरी आणि ड्रम एकदम आणलेस. तिथे फक्त बासरी ठेव. ड्रम बकरी सापडल्यावर. शेवट आणि सुरुवात जुळत नाही, लूप लावून ऐक म्हणजे कळेल. आणि एक फाइल पाठवू नकोस, घंटा, बासरी, ड्रम अशा तीन वेगळ्या पाठव, सारख्याच लांबीच्या. गेम नसला तरी चालेल, मी इकडे बसून बकरी हरवते आणि शोधते.